पूजेची केळ

आजारी केळ दिसायला सुरेख असते, हीच खरी पंचाईत. भाताचं रोप करपलं की शेतकऱ्याच्या काळजात धस्स होतं, आंब्याचा मोहोर काळा पडला की माणसं धावत सुटतात. केळीच्या या रोगात तसं काही भीतिदायक दिसतच नाही. झाड उंच व्हायचं थांबतं. नवी पानं अरुंद येतात, ताठ उभी राहतात आणि शेंड्याशी एकमेकांना चिकटून गोळा होतात. वाऱ्याने फाटलेलं, लोंबणारं पान औषधालाही नाही. ठेंगणी, आटोपशीर, हिरवीगार केळ. बघणारा म्हणतो, काय गोंडस रोप आहे! आणि मी मनात म्हणते, आवशीक खाव, हे इथे पण पोचलं.

या केळीला घड धरत नाही. धरलाच तर बोटाएवढी केळी येतात आणि तीही वाकडी. तिच्या बुडातून फुटणारी पिल्लं जन्मतःच आजारी असतात. पानांच्या बेचक्यात बसणारा काळपट मावा तिचा रस पितो आणि शेजारच्या केळीवर जाऊन बसतो, की तीही गेली. हा सगळा उद्योग एका विषाणूचा. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्यावर औषध नाही. यातलं पहिलं वाक्य लोक ऐकून घेतात. दुसऱ्या वाक्याला माझ्याकडे असे बघतात, जसं काही डॉक्टरने तपासून इंजेक्शन न देताच घरी पाठवलंय.

कणकवलीहून अर्ध्या तासावर आमचं संशोधन केंद्र आहे. मी तिथे वनस्पतींच्या विषाणूंवर काम करते, म्हणजे निम्मा वेळ काम करते आणि निम्मा वेळ कामाची वाट बघते. पानाचा तुकडा बर्फाच्या डब्यात घालून आणावा तर वीज गेलेली. वीज आली तर तपासणीचं द्रावण संपलेलं. द्रावण मागवलं तर ते घाटावर कुठल्या तरी गोदामात उन्हात पडून खराब झालेलं. मग ते पुन्हा मागवायचं. विषाणूला यातल्या कशाचीच अडचण येत नाही. तो सुट्टी घेत नाही, त्याला मंजुरी लागत नाही. कधी कधी वाटतं, केंद्र त्याच्याच ताब्यात द्यावं, निदान कामं तरी वेळेवर होतील.

या रोगाचं मराठी नाव कोणी ठेवलं देव जाणे. पर्णगुच्छ! ऐकायला किती छान. एकदा मालवण तालुक्यात आम्ही या रोगावर शेतकरी मेळावा घेतला होता. मागे मोठा फलक, त्यावर मोठ्या अक्षरात 'पर्णगुच्छ'. आधी पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिले गेले, मग मी बोलायला उभी राहिले. पानावरच्या गडद रेघा कशा ओळखायच्या, मावा कुठे बसतो, झाड उपटण्याआधी फवारणी का करायची, सगळं घसा फोडून सांगितलं. बोलणं संपल्यावर पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "बाय, सगळा बरा सांगलंस. पण ते पानांचे गुच्छ आमका कधी गावतले?" मंडप हसला. आमचे साहेबही हसले. मीही हसले, पण आतून माझा नुसता संताप होत होता.

आता काकीबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

माझी काकी, वडलांच्या धाकट्या भावाची बायको, मालवणपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या मूळ वाडीत राहते. काका गेल्यापासून एकटी. घरामागे उतारावर तिची केळीची बाग, आणि बाग सगळी राजेळीची. राजेळी म्हणजे ते लांबलचक, तीन धारांचं, जाड सालीचं केळं. कच्चं असताना त्याचे काप तळायचे, पिकलं की तुपात परतायचं, आणि फार पिकलं की सोलून उन्हात वाळवून सुकेळी करायची. काकीच्या सुकेळीला मालवणच्या बाजारात गिऱ्हाईक ठरलेलं. चतुर्थीच्या आधी तिच्या बागेतला घड आपल्या गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला मिळावा म्हणून लोक महिनाभर आधी सांगून ठेवायचे. तिचं घर या बागेवर चालायचं, आणि तिचा तोराही. "राजेळी खावची तर आमची," हे वाक्य तिच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलेय.

आम्ही किनाऱ्यालगतच्या गावांतून राजेळीचे नमुने तपासत होतो तेव्हा एकेक बाग हातची जात होती. इथे रेघा, तिथे रेघा. कुठे झाडं वरून ठणठणीत दिसायची आणि तपासणीत बाधित निघायची. शेवटी मी काकीच्या बागेतली पानं आणली. माझ्याच माणसाची बाग, म्हणून मुद्दाम जास्त पानं आणली. एकही बाधित निघालं नाही. पुन्हा आणली, पुन्हा तपासली. बाग स्वच्छ!

साहेबांनाही खरं वाटेना. मग ठरलं की काकीची बाग मातृबाग धरायची. एक पावसाळा आणखी थांबायचं, पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायचं, आणि तेव्हाही बाग स्वच्छ निघाली तर तिथली पिल्लं केंद्रात आणून त्यांच्यापासून निरोगी रोपं वाढवायची आणि गावोगाव द्यायची. ज्या ज्या बागा आम्ही उपटायला लावल्या होत्या, त्यांना परत राजेळी द्यायची म्हटलं तर आमच्या हातात एवढीच एक जागा होती. हे मी काकीला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. तिने नुसतं लाकूड आत सारलं, पण दुसऱ्या दिवशी वाडीतल्या प्रत्येक घरात बातमी पोचलेली होती की आता सगळ्या जिल्ह्यात हिचीच राजेळी लागणार.

मी तिला एकच नियम घातला. भायली, म्हणजे बाहेरची केळ बागेत आणायची नाही. पिल्लू नाही, घड नाही, पान नाही, काही नाही. आमच्याकडे माणूस पाहुणा आला की काही ना काही रोप घेऊन येतो आणि जाताना काही ना काही घेऊन जातो. वानवळा देणं हे आमच्या रक्तातच आहे. मी काकीला दहादा बजावलं, "कोण काय घेवन इलो तरी नको म्हणान सांग. वायट दिसला तरी चलात."

आणि काकीने तो नियम असा पाळला की मलाच संकोच वाटावा. तिची सख्खी बहीण कुडाळकडून वेलची केळीची दोन पिल्लं घेऊन आली, तर हिने ती अंगणातच अडवली आणि म्हशीला घातली. बहीण रुसून चहा न पिता परत गेली. वाडीतला एक जण बागेतून आडवाटेने जात होता, त्याच्या डोक्यावर केळीच्या पानांचा भारा होता, तर हिने त्याला इतक्या शिव्या घातल्या की तो पुन्हा त्या वाटेला फिरकला नाही. मी फोन केला की ही आधी बागेचा अहवाल द्यायची. "काय काळजी करू नको. एक पान आत येवक दिलंय नाय." मी निश्चिंत होते. नोकरीत इतकी वर्षं झाली, पण सांगितलेलं ऐकणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता, आणि तोही घरातलाच.

श्रावणात मी गेले ती नुसती बाग बघायला. सोबत डबा होता, पण नमुने घ्यायचा विचार नव्हता. बाग बघून डोळे निवले. पानं ही एवढी रुंद. काकी चहा टाकायला आत गेली आणि मी पाय धुवायला न्हाणीकडे वळले.

न्हाणीच्या सांडपाण्यावर, भिंतीला लागून, एक केळ उभी होती. कंबरेएवढी. ठेंगणी, आटोपशीर, हिरवीगार. बुडाशी शेणाने सारवलेलं छोटं आळं, आळ्यात हळदकुंकू, आणि बुंध्याला गुंडाळलेला लाल दोरा. मी वाकून पानाचा देठ उजेडाकडे धरला. गडद हिरव्या तुटक रेघा, खालपासून वरपर्यंत. बेचक्यात मावा बसलेला. त्या केळीपासून बागेची पहिली रांग एवढी जवळ, की धुणं वाळत घालायची दोरी एका टोकाला न्हाणीला आणि दुसऱ्या टोकाला राजेळीला बांधलेली होती.

"काकीऽऽ!" मी अशी ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झाला गो? सरप दिसलो?"

"ही केळ खंयसून इली?"

"ती? ती पूजेची."

"कोणाच्या पूजेची?"

"खालच्या घराची घरभरणी नाय झाली मे म्हयन्यात? मुंबयचे सगळे इल्ले. सत्यनारायण घातलो. चौरंगाक चार केळी बांधलेली. पूजा झाल्यार एकेकाक दिली. माका पण एक दिली."

"मी तुका काय सांगलेलंय?"

"भायली केळ बागेत लावू नको म्हणान."

"मगे?"

तिला माझा प्रश्नच कळेना. मग एखाद्या मंद पोराला समजावावं तशी म्हणाली, "मगे मी केळ खंय लावलंय? ती पूजेची आसा. सत्यनारायणाच्या बाजूक उभी होती. मी देव लावलंय."

माझी मतीच गुंग झाली. बाई खोटं बोलत नव्हती. बहिणीने आणलेली ती केळ, आडवाटेच्या माणसाच्या डोक्यावर होती ती केळ. ही केळ नव्हे. पूजेतली वस्तू फेकायची नाही, तुडवायची नाही, ती पाण्यात सोडायची किंवा मातीत लावायची, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं, माझ्या आईने मला शिकवलेलं. आमच्याकडे पूजेला केळी आणतात त्या गड्ड्यासकट खणून आणतात, पाण्याच्या डब्यात उभ्या करतात, म्हणजे रात्रीच्या भजनापर्यंत ताज्या राहतात. आणि गड्डा असला की ती लागणारच. मी स्वतः अशा कितीतरी चौरंगांपुढे तीर्थ घेतलंय. इतक्या वर्षांत मला हे सुचू नये? पण कोणाला सुचलं असतं? आम्ही रोपवाटिका धुंडाळत होतो, ट्रक धुंडाळत होतो, गोव्याहून येणारा माल धुंडाळत होतो.

मी तशीच चिखलातून खालच्या घरी गेले. मुंबईचे लोक केव्हाच परत गेले होते, घर राखायला त्यांची म्हातारी आत्या होती. तिने सांगितलं, केळी पऱ्ह्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्याच्या त्या बाजूच्या बागेतून आणल्या. त्या बागवाल्याकडे गेले. तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, "माझ्याकडसून सगळे पूजेक केळी नेतत. एका मापाची आसत ना! उंच वाढणत नाय, चौरंगाक बरी दिसतत. आणि तशीय तेंका फळ येणा नाय. म्हटलंय, देवाच्या तरी कामाक येवंदेत."

मी कपाळाला हात लावला. बरोबरच होतं की त्याचं! चौरंगाला बांधायला चार सारख्या, ठेंगण्या, हिरव्यागार केळी हव्यात. निरोगी केळ कशी सारखी मिळेल? एक उंच, एक तिरकी, एकीचं पान फाटलेलं. एका मापाच्या, नेटक्या केळी फक्त आजारी बागेतच मिळतात. आणि फळ देणारी केळ कोण खणून देईल? म्हणून देवापुढे नेमकी रोगट केळ उभी राहते, आणि तिथून प्रसादासारखी घराघरात जाते. मे महिन्यात आमच्याकडे पूजा किती होतात ते मी सांगायला नको.

त्या आठवड्यात मी वाडी पिंजून काढली. जिथे जिथे नव्याने लागलेली आजारी केळ दिसली, तिथे एकच विचारलं, ही कुठून आली? कोणी म्हणालं घरभरणीची, कोणी म्हणालं लग्नानंतरच्या पूजेची, कोणी म्हणालं शाळेच्या पूजेची. मी आनंदाने नाचायला हवं होतं. जे कोणाला सापडलं नव्हतं ते मला सापडलं होतं. पण आनंद कसला होतोय? माझ्या डोळ्यांपुढे ती धुण्याची दोरी.

साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "निरीक्षण उत्तम आहे. पण अहवालात पूजा हा शब्द नको. उद्या कोणाच्या भावना दुखावल्या तर निस्तरायचं कोणी?"

"मग काय लिहू?"

"लागवड साहित्याची अनौपचारिक देवाणघेवाण, असं लिहा."

लिहिलं. आता सांगा, माझ्या वाडीतल्या कोणत्या बाईला त्या वाक्यातून कळणार आहे की सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेली केळ घरी नेऊन लावू नको? पुष्पगुच्छ घ्या, पर्णगुच्छ घ्या, आणि वर ही अनौपचारिक देवाणघेवाण घ्या!

पण हे नंतरचं. त्या दिवशी मी परत काकीच्या अंगणात आले तेव्हा तिने चहा झाकून ठेवला होता. मी म्हटलं, "काकी, ही केळ आत्ताच्या आत्ता काढूक व्हयी. हिच्यात रोग आसा. हिच्यावयलो मावो तुझ्या राजेळीर गेलो तर बाग जातली."

"औषध मार. कोयतो लावू नको."

"औषध मावो मारता, रोग मारणा नाय. कितीदा सांगलंय मी तुका?"

"रोग तुका दिसता. माका दोरो दिसता," ती म्हणाली. "घरभरणीच्या देवाक मी कोयतो लावू? माझ्या दारात? माझ्या हातान?"

"तुझ्या हातान नको, माझ्या हातान काढतंय."

"तुझ्या हातान तर नकोच. तू ह्या घरातला चेडू."

म्हणजे घरच्या लेकीने कोयता लावणं तर त्याहून वाईट. ओरडून झालं, समजावून झालं, हात जोडून झाले. रागाने मी चहा तसाच ठेवला. मग तिच्या समोर त्या केळीवर फवारणी केली, बागेच्या पहिल्या दोन रांगांवर केली आणि राजेळीची पानं डब्यात घालून निघाले. जाताना एवढं कबूल करून घेतलं की ज्या भटजींनी ती पूजा सांगितली, ते जर म्हणाले काढा, तर ती काढू देईल.

भटजी आचऱ्याकडचे. फोन केला. "अहो, श्रावण आहे," ते म्हणाले. "मला श्वास घ्यायला फुरसत नाही. रोज दोन दोन सत्यनारायण आहेत." मी फोन कानापासून लांब धरला. म्हटलं, फोनवरच सांगा तिला. तर म्हणाले, असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात, समक्ष येतो, श्रावण सरू दे. श्रावण सरला तर चतुर्थी आली. चतुर्थीत भटजी गावणं म्हणजे समुद्रात पडलेली अंगठी गावणं.

त्या काळात काकीचा फोन आला की ती बागेचंच बोलायची. "पानां बरी आसत. काय रेघो-बिघो नाय." तिला मी रेघा ओळखायला शिकवलं होतं. रोज सकाळी ती राजेळीच्या एकेका पानाचा देठ उजेडाकडे धरून बघायची, आणि मग तांब्याभर पाणी त्या पूजेच्या केळीला घालायची. दोन्ही कामं सारख्याच भक्तीने. मी चिडून म्हणायचे, पाऊस पडतोय, तिला कशाला पाणी घालतेस? "देवाक पाणी घालूचा लागता. पाऊस पडलो म्हणान काय अंघोळ करणस नाय तू?"

केंद्रात आमचं यंत्र बंद होतं. नमुने दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे पाठवले, तिथे रांग होती. निकाल यायच्या आधीच काकीचा फोन आला. चतुर्थी होऊन गेली होती. आवाज नेहमीचा नव्हता.

"पयल्या रांगेत एक रेघ दिसता," ती म्हणाली. "माझे डोळे वायट आसतले. तू येवन बघ."

मी गेले. तिचे डोळे वाईट नव्हते. पहिल्या रांगेत दोन झाडं, तिसऱ्या रांगेत एक, आणि पार खाली विहिरीपाशी एक. विहिरीपाशी रेघ दिसली म्हणजे मधल्या सगळ्यांत आहेच, फक्त अजून वर आलेली नाही. काकी माझ्या मागोमाग चालत होती. मी जिथे थांबायचे तिथे तीही थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मला रडूही येईना, इतका राग आला होता. तिचा राग, साहेबांचा राग, भटजींचा राग, त्या पऱ्ह्यापलीकडच्या दानशूर बागवाल्याचा राग. निकाल आला तो आणखी काही दिवसांनी, आणि त्यात मला ठाऊक नव्हतं असं काहीच नव्हतं. मातृबाग रद्द. सगळी झाडं उपटून नष्ट करावीत.

मला वाटलं होतं काकी भांडेल. नाही भांडली. "माझी केळी आसत. काप," म्हणाली. "पण न्हाणीकडची ती देवाची. तिका हात लावू नको."

"अगो, तिच्यामुळेच झाला ना सगळा!"

"भटजी येवंदे."

साहेबही म्हणाले, मालकाची संमती नसेल तर त्या एका झाडाला हात लावू नका, उगाच वाद नको. म्हणजे झालं असं, की निरोगी राजेळीची जिल्ह्यातली जी एकमेव बाग आम्हाला माहीत होती ती आम्ही आमच्या हाताने कापली, आणि जिच्यामुळे कापली ती केळ न्हाणीच्या पाण्यावर ऐटीत उभी. फवारणी, मग कोयता, मग पिकावाने गड्डे उकरून त्यांचे तुकडे, मग त्या तुकड्यांवर औषध. गडी माणसं दिवसभर राबत होती. काही घड निसवलेले होते, चतुर्थीला ज्यांना मिळाले नव्हते त्यांना दसऱ्याला देऊ म्हणून तिने ठेवलेले. ते खायला काही हरकत नव्हती, या रोगाने माणसाला काही होत नाही. मी तिला तसं सांगितलं. तिने घड वाडीत वाटून टाकले. एकही घरात ठेवला नाही. संध्याकाळी उतारावर नुसती तांबडी माती आणि पांढरट चिकात भिजलेले तुकडे. माझ्या सलवारवर पडलेले ते डाग अजून तसेच आहेत, केळीचा डाग जात नाही.

भटजी आले ते दसरा झाल्यावर. मीच त्यांना गाडीवर मागे बसवून आणलं, म्हणजे मध्येच कुठे पूजेला उतरायला नकोत. सरळ माणूस. न्हाणीकडे गेले, केळीकडे बघितलं, लाल दोरा बघितला, मग मागच्या उघड्या उताराकडे बघितलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं. काकी पदर डोक्यावर घेऊन उभी होती.

"वहिनी," ते म्हणाले, "अहो, मी दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा केली ना! अक्षता टाकल्या, देवाला निरोप दिला, आणि मगच केळी सोडल्या. निरोप दिल्यावर देव थांबत नाही. ही आता साधी केळ. काढा खुशाल, काही दोष नाही."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. तेच तर ऐकायला मी त्यांना आणलं होतं. मी पिकाव घ्यायला वळले.

"म्हणजे देव तेवाच गेलो?" काकीने विचारलं.

"गेला."

ती त्या केळीकडे बघत राहिली. आळं अजून ओलं होतं, सकाळीच पाणी घातलेलं. मग ती भटजींकडे नाही, माझ्याकडे वळली.

"मगे इतके दिस मी पाणी कोणाक घालीत होतंय गो?"

मला उत्तर माहीत होतं. इतकी वर्षं मी त्या रोगाबद्दलच तर सांगत फिरतेय, मंडपातून, फलकांवरून, घसा फोडून. मी पिकाव उचलला आणि खणायला लागले.